सहा रात्री सिंगापूर: आधी मुलीची उंची मोजा, मग तिकिटं काढा

पत्र: आम्ही नाशिकचे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सहा रात्रींसाठी सिंगापूरला निघालोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. शनिवारी रात्री मुंबईहून विमान, रविवारी सकाळी सातला तिथे. परत पुढच्या शनिवारी संध्याकाळी. एजंटने कार्यक्रम पाठवलाय तो असा: रविवारी उतरल्यावर सिटी टूर आणि रात्री नाइट सफारी. सोमवारी युनिव्हर्सल स्टुडिओज आणि संध्याकाळी विंग्ज ऑफ टाइम. मंगळवारी झू आणि जुरोंग बर्ड पार्क. बुधवारी गार्डन्स बाय द बे, फ्लायर, मर्लायन. गुरुवारी केबल कार, सेंटोसा मर्लायन, ॲक्वेरियम, लूज आणि वॉटर पार्क. शुक्रवारी खरेदी. मुलगी युनिव्हर्सलचे व्हिडिओ बघून वेडी झालीय. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंही खात नाहीत. हे सगळं झेपेल का? एक्सप्रेस पास घ्यावा का?

उत्तर:

ताई, नाही झेपणार. दोष तुमच्या घरच्यांचा नाही, कार्यक्रमच तसा आखलाय. आठवडा मात्र तुम्ही फार चांगला निवडलाय. सिंगापूरच्या शाळांची चार आठवड्यांची सुट्टी मेच्या अगदी शेवटी सुरू होते. त्याआधीच्या कामाच्या दिवशी तिथली मुलं शाळेत असतात, गर्दी मुख्यतः आपल्यासारख्या पर्यटकांची असते. तेव्हा तारखा बदलू नका, आतला क्रम बदला.

आधी त्या यादीतल्या दोन नावांकडे बघा. जुरोंग बर्ड पार्क जानेवारी २०२३ मध्ये बंद झालं. तिथले पक्षी मंडाई या प्राणिसंग्रहालयांच्या भागात नव्या बर्ड पॅराडाइजमध्ये गेले, ते मे २०२३ मध्ये उघडलं. सेंटोसा बेटावरचा उंच मर्लायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला पुतळा, २०१९ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला. आता पाहायचा तो मरिना बेच्या काठावरचा, तोंडातून पाणी सोडणारा, साधारण साडेआठ मीटरचा. म्हणजे एजंटने जुनीच यादी पुढे ढकलली आहे. त्याला फोन करून एवढंच विचारा, ‘‘जुरोंगचं तिकीट नक्की कुठल्या पार्कचं काढलंय?’’ आणि ॲक्वेरियम म्हणजे कुठलं तेही विचारा. जुनं सी ॲक्वेरियम जुलै २०२५ मध्ये बरंच मोठं होऊन सिंगापूर ओशनेरियम या नावाने उघडलंय. उत्तरं गुळमुळीत आली तर तिकिटं स्वतः काढा. विमान, हॉटेल आणि व्हिसा एजंटकडे राहू द्या. व्हिसा तसाही अधिकृत एजंटमार्फतच काढतात.

आता मुलीची उंची. आज संध्याकाळी तिला भिंतीला टेकवून अनवाणी उभी करा, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. चड्डी-फ्रॉकच्या मापावरून अंदाज नको, शाळेच्या कार्डावरचा जूनमधला आकडाही नको. युनिव्हर्सल या थीम पार्कमध्ये तिचा दिवस कसा जाणार हे त्या एका आकड्यावर ठरतं, कारण प्रत्येक राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी एका सेंटिमीटरचीही सूट देत नाही. आणि ते बरोबरच आहे. सीटवरचा लोखंडी दांडा त्या मापाच्या शरीरासाठीच बनवलेला असतो.

मापं अशी. कॅनोपी फ्लायर आणि एन्चांटेड एअरवेज यांना ९२ सेंटिमीटर पुरतात. पुस इन बूट्सला १०० लागतात. ट्रान्सफॉर्मर्स आणि मिनियन मेहेमला १०२. जुरासिक पार्क रॅपिड्स ॲडव्हेंचर, म्हणजे गोल तराफ्यातून भिजत जायची राइड, तिला १०७. रिव्हेंज ऑफ द ममीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका या दुहेरी रोलर कोस्टरला १२५. सहा वर्षांची मुलगी साधारण ११० ते ११५ मध्ये असते. म्हणजे ममी आणि बॅटलस्टार सोडून जवळपास सगळं तिला चालेल, पण १२२ च्या आतल्या मुलांच्या शेजारी मोठं माणूस बसावं लागतं. मुलगा अकरा वर्षांचा म्हणजे तो सगळीकडे बसेल. ती १०६ किंवा १०७ वर अडकत असेल तर रॅपिड्सचं नाव तिच्यासमोर आत्ताच काढू नका. तिथे रांगेत पाऊण तास उभं राहून परत फिरावं लागलं तर त्या दिवसाचा सगळा आनंद जातो. आणि सगळे व्हिडिओ बघून झालेत, तेव्हा आकडा कळल्यावर तिला घरीच सांगा: ‘‘या दोन राइड दादाच्या, बाकी सगळ्या तुझ्या.’’ गेटवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

मुलगा आणि बाबा ममीत किंवा बॅटलस्टारमध्ये जातील तेव्हा तुम्ही मुलीला घेऊन दुसऱ्या राइडला जा, बाहेर बसून वाट बघू नका. तुम्हा दोघा पालकांनाही तीच राइड हवी असेल आणि मूल उंचीत बसत नसेल तर प्रवेशाशी उभ्या कर्मचाऱ्याला विचारा. एका पालकाने मुलाजवळ थांबायचं, दुसरा उतरला की पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता बसायचं, अशी सोय थीम पार्कांत असते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

एक्सप्रेस पास, म्हणजे जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जायचा पास: मंगळवार किंवा बुधवारी जाणार असाल तर आधी घेऊ नका. गर्दीच्या तारखांना त्याची किंमत तिकिटाच्या आसपास जाते, आणि तुमच्यात पाच माणसांपैकी एकाला मोठ्या राइड नको आहेत, एकीला दोन बंद आहेत. म्हणजे पाच पासांतले दोन अर्धेमुर्धे वाया. पार्कच्या ॲपवर प्रत्येक राइडची रांग मिनिटांत दिसते. दुपारी बारापर्यंत तीन मोठ्या राइड झाल्या नाहीत आणि रांगा तासाच्या वर दिसत असतील, तर फक्त मुलगा आणि बाबांसाठी दोन पास तिथेच घ्या. संपलेले असण्याची शक्यता असते, ती पत्करा. शनिवार-रविवार किंवा तिथली सार्वजनिक सुट्टी असती तर आम्ही उलट सांगितलं असतं. मेमध्ये कामगार दिन, वेसाक म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, आणि काही वर्षी बकरी ईद, अशा सुट्ट्या येतात. तुमच्या आठवड्यात त्यातली एखादी पडतेय का, कॅलेंडरवर बघून घ्या.

आता दिवसाचा क्रम, आणि यात हवामान सगळ्यात मोठं. नाशिकच्या मेमध्ये ३९ अंश सोसणाऱ्या माणसाला सिंगापूरचे ३२ अंश किरकोळ वाटतात, आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम लगेच उडतो आणि अंग गार होतं. सिंगापूर विषुववृत्ताजवळ, चारी बाजूंनी समुद्र. हवेत इतका दमटपणा की घाम उडतच नाही, सावलीतसुद्धा पाठ ओली राहते. मुलं अकरापर्यंत उड्या मारतात आणि साडेबाराला कारण नसताना रडायला लागतात. ते हट्टाचं रडणं नसतं, अंगातलं पाणी आणि मीठ गेलेलं असतं. दर तासाला पाणी, दुपारी अर्धा लिटर ओआरएस दोघा मुलांत, आणि सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल तर ओआरएस डॉक्टरांना विचारून. नळाचं पाणी तिथे थेट पिण्याजोगं असतं. बाटल्या विकत घेऊ नका, दोन रिकाम्या स्टीलच्या बाटल्या न्या आणि भरत राहा.

दुसरी गोष्ट विजेची. एप्रिल-मेमध्ये तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचा, आणि वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. बॅटलस्टार, रॅपिड्स, कॅनोपी फ्लायर, एन्चांटेड एअरवेज या उघड्यावरच्या. ट्रान्सफॉर्मर्स, ममी, मिनियन मेहेम आणि सेसमी स्ट्रीटची स्पॅगेटी स्पेस चेस छपराखालच्या. पाऊस सुरू झाला की बाहेरचे सगळे आत पळतात आणि छपराखालच्या रांगा एकदम दुप्पट होतात. म्हणून क्रम असा लावा: गेट उघडताच एकच लोकप्रिय आतली राइड, मग दुपारी एकपर्यंत उघड्यावरच्या, मग जेवण, मग पुन्हा आत. पहिली राइड कुठली? तुमच्या मुलीसाठी मिनियन लँड. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये जुन्या मादागास्करच्या जागी सुरू झालं आणि सकाळी बहुतेक लोंढा तिकडेच जातो. दहाच्या ठोक्याला पहिल्या पन्नासात नसाल, तर पार्कातला न्यू यॉर्क भाग ओलांडून सरळ सायफाय सिटी भागात ट्रान्सफॉर्मर्स गाठा आणि मिनियन संध्याकाळवर टाका, बंद व्हायच्या आधीच्या तासात रांग उतरते. पार्कच्या वेळा तारखेनुसार बदलतात, म्हणून तिकीट काढताना त्या दिवसाची वेळ बघा. गेट दहाला उघडणार असेल तर साडेनऊला तिथे असा.

रॅपिड्सबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घोटाळा हमखास इथे होतो. त्या तराफ्यात पायाशी पाणी साचतं, शेवटच्या उतारावर पाठीवर लाट येते. जीन्स भिजली की ती दिवसभर वाळत नाही, ओली शिवण मांड्यांना घासते आणि चारच्या सुमाराला मूल चालायचं बंद होतं. ओल्या मोज्यात टाचेला फोड येतो तो वेगळाच. उपाय साधा: त्या दिवशी सगळ्यांनी पातळ, पटकन वाळणाऱ्या अर्ध्या विजारी घालायच्या, पायात मागे पट्टा असलेल्या सँडल, आणि बॅगेत झिप पिशवीत एकेक टी-शर्ट व मोज्यांचा जादा जोड. साधा प्लॅस्टिकचा रेनकोट घरूनच न्या, तिथे तोच पोंचो म्हणून महाग मिळतो. मोबाईल दुहेरी झिप पिशवीत. बॅग लॉकरमध्ये ठेवताना लॉकर किती वेळ फुकट आहे ते पडद्यावर वाचा. काहींना ठरावीक मिनिटं फुकट आणि पुढे पैसे, काहींना पहिल्यापासून पैसे.

सासूबाईंसाठी हे पार्क कंटाळवाणं नाही, फक्त त्यांच्यासाठी वेगळा दिवस आखावा लागतो. स्पॅगेटी स्पेस चेस संथ आहे, शो बसून बघता येतात, आणि दुपारचा तास-दीड तास एसी खाणावळीत. गेटपाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते. ‘‘मी चालेन गं’’ म्हणाल्या तरी घ्या. त्या अकरा वाजता चालत असतात, तीनला नसतात, आणि तेव्हा मागे जाऊन आणायला कोणाला वेळ नसतो. त्या बसत नसतील तेव्हा त्यात बॅगा ठेवता येतात. तिकिटाचं एक लक्षात घ्या: युनिव्हर्सलला ६० वर्षांवरच्यांचं वेगळं तिकीट असतं, पण सिंगापुरात काही ठिकाणी ज्येष्ठांचा दर फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतो. तो चुकून काढलात तर गेटवर फरक भरावा लागेल. दोन्ही मुलं १२ च्या आतली असल्याने मुलांच्या तिकिटात बसतात. पासपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

कार्यक्रम कसा फिरवायचा ते सांगतो, पण आधी घड्याळ. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथे सकाळचे आठ म्हणजे मुलांच्या अंगात साडेपाच, आणि तिथे रात्रीचे अकरा म्हणजे फक्त साडेआठ. सगळे सहल-कार्यक्रम सकाळी साडेआठला बसमध्ये बसवतात आणि मुलं पहिले तीन दिवस डुलक्या घेतात. तुम्ही उलट करा. पहिले दोन-तीन दिवस संध्याकाळ आणि रात्र वापरा, सकाळ झोपेला द्या.

रविवारी सकाळी सातला तुम्ही रात्रभर जागे. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. विमानतळावरचा ज्यूएल मॉल आणि त्यातला ४० मीटरचा धबधबा बघूनच निघू असं वाटेल, पण तो सकाळी दहा-अकराच्या आधी सुरू होत नाही. तो परतीच्या दिवसावर ठेवा. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर सोडा, लिटल इंडियात पोटभर दाक्षिणात्य जेवा, खोली मिळाली की झोपा. सहाला उठून मरिना बे: मर्लायन, पुलावरून चालत पलीकडे आणि रात्री आठचा स्पेक्ट्राचा पाण्या-दिव्यांचा खेळ. तो फुकट आहे. नाइट सफारी त्या रात्री अजिबात नको. ३५-४० मिनिटांच्या अंधाऱ्या, हलत्या ट्राममध्ये थकलेलं मूल झोपतंच, आणि तिकीट वाया जातं.

सोमवारी दुपारी चारनंतर गार्डन्स बाय द बे. क्लाउड फॉरेस्ट या काचघरात ३५ मीटरचा धबधबा आहे आणि आत गार असतं, सासूबाईंना पातळ शाल द्या. फ्लॉवर डोमही थंड. दोन्ही करून बाहेर या आणि पावणेआठला सुपरट्री या उंच कृत्रिम झाडांच्या खाली बाकावर नाहीतर गवतावर बसा. दिव्यांचा खेळ पावणेआठला आणि पुन्हा पावणेनऊला असतो, त्याला तिकीट नाही. मुलांना पाण्यात खेळायचं तिथलं बालोद्यान सोमवारी बंद असतं. त्याचं वचन देऊन बसू नका. फ्लायर, म्हणजे ते मोठं चक्र, गाळा. सुपरट्री आणि मरिना बे बघितल्यावर त्याच भागाकडे काचेतून अर्धा तास बघण्याला पाच तिकिटं घालू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

मंगळवारी युनिव्हर्सल, आणि फक्त युनिव्हर्सल. विंग्ज ऑफ टाइम, म्हणजे सेंटोसाच्या किनाऱ्यावरचा रात्रीचा दिव्या-पाण्याचा खेळ, त्या दिवशी नको. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, हार्बरफ्रंटला उतरा, वर व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस. माणशी चार सिंगापूर डॉलर जाताना, येताना फुकट, आणि बेटावर आत कितीही फिरा. रिसॉर्ट्स वर्ल्ड स्टेशनला उतरायचं.

बुधवारी सकाळ पूर्ण मोकळी. दुपारी तीनच्या सुमाराला मंडाई: आधी रिव्हर वंडर्स हे नदीकाठच्या प्राण्यांचं पार्क, मग तिथेच संध्याकाळचं खाणं, मग नाइट सफारी. दोन्ही एकाच परिसरात असल्याने लांबचा प्रवास एकदाच होतो. रिव्हर वंडर्सला सावली भरपूर, पांडांचं घर एसीत. नाइट सफारी १९९४ पासून आहे, जगातलं पहिलं रात्रीचं प्राणिसंग्रहालय. सव्वासातला उघडतं आणि प्रवेश वेळेच्या गटाने देतात. सगळे पहिला गट धरतात आणि ट्रामसाठी लांब रांग लागते. तुम्ही सव्वाआठच्या आसपासचा घ्या. मुलांच्या अंगात तेव्हा पावणेसहाच वाजलेले असतात. फ्लॅश बंद ठेवा आणि मुलांना आधीच सांगा की प्राणी लांब, शांत आणि अर्धवट अंधारात दिसतात. वाघ काचेला येऊन डरकाळी फोडेल ही अपेक्षा असेल तर मुलगा नाराज होईल. जाताना एमआरटीने खातिबला आणि तिथून शटल बस, येताना मात्र टॅक्सी करा.

टॅक्सीचंही नीट ऐका. साधी टॅक्सी चौघांची, तुम्ही पाच. सहा सीटची गाडी मागवा. आणि सिंगापूरच्या कायद्याने १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत बालआसन किंवा बूस्टर लागतं. टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवर येणाऱ्या खासगी गाडीला नाही. बूस्टर नसेल तर चालक मुलीला बघून नकार देऊ शकतो, रात्री अकराला, पावसात. ॲपमध्ये टॅक्सी हाच पर्याय निवडा, नाहीतर लहान मुलांच्या आसनासह गाडी.

गुरुवारी सेंटोसा, सावकाश. दुपारच्या उन्हात ओशनेरियम, संध्याकाळी पाचनंतर लूज, म्हणजे उतारावरून घसरत येणारी छोटी गाडी. लूजला एकट्याने चालवायला ११० सेंटिमीटर आणि सहा वर्षं पूर्ण, ८५ च्या वर असेल तर मोठ्यासोबत. तेव्हा मुलगी ११० पूर्ण असेल तर तिला तिची स्वतःची गाडी. ही गोष्ट ती युनिव्हर्सलपेक्षा जास्त दिवस सांगत राहील. मग किनारा आणि विंग्ज ऑफ टाइम. वॉटर पार्क गाळा, केबल कार हौस असेल तरच.

शुक्रवार राखीव. एखाद्या दिवशी पावसाने धुऊन काढलं, कोणाला ताप आला, किंवा मुलांना पुन्हा काही हवं असलं, तर हा दिवस. सगळं सुरळीत असेल तर सकाळी लवकर झू. तोवर मुलांचं घड्याळही बदललेलं असतं. म्हणून झूचं तिकीट आधी काढू नका, गुरुवारी रात्री काढा. बर्ड पॅराडाइज आणि झू दोन्ही नको, एकच. सासूबाईंना पक्ष्यांची आवड असेल तर पक्षी.

खाण्याचं. ‘व्हेज’ म्हटल्यावर तिथे मांसाचे तुकडे नसतात एवढंच कधीकधी गृहीत धरतात. रस्सा मासळीच्या सॉसचा, ऑयस्टर सॉसचा किंवा सुकटीच्या वाटणाचा असू शकतो. म्हणून ‘नो मीट, नो फिश, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ असं चारही शब्द सांगा. बौद्ध शाकाहारी चिनी ठेल्यांवर मांस नसतं, पण सोयाचे पदार्थ हुबेहूब मांसासारखे दिसतात, सासूबाईंच्या घशाखाली ते उतरणार नाहीत. रोटी पराठा साधा मागितला तरी सोबतची वाटी बहुधा मासळी किंवा मटणाच्या कढीची असते, डाळ मागा. काया टोस्ट नारळाचा जॅम म्हणून कोणी आग्रह करेल. त्या जॅममध्ये अंडं असतं. भरवशाची जागा लिटल इंडिया: सेरांगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं शुद्ध शाकाहारी. रविवारी संध्याकाळी तिथे कामगारांच्या सुट्टीची प्रचंड गर्दी असते, म्हणून वर दुपार सांगितली. युनिव्हर्सलमध्ये ॲन्शंट इजिप्त भागातलं ओॲसिस स्पाइस कॅफे भारतीय जेवण देतं. डबा आत नेऊ देत नाहीत, पाणी आणि लहान मुलाचं किरकोळ खाणं चालतं.

घरून काय न्याल याबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. खसखस सिंगापुरात निषिद्ध वस्तूंत मोडते, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. आपल्याकडे ती अनारशांवर असते, डिंकाच्या लाडवात असते, करंजीच्या सारणात असते आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. म्हणजे सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेला मसाल्याचा पुडा अडचणीत आणू शकतो. खाकरा, दशम्या, मेतकूट, भाजक्या पोह्यांचं सामान न्या. चिवड्यात खसखस घातली नाही ना ते करणाऱ्याला विचारा. च्युइंग गम नेता येत नाही. गुटखा, मशेरी, तंबाखू, ई-सिगारेट कोणाच्याही खिशात नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर आधी परवानगी लागते, म्हणून सासूबाईंच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवून घ्या.

एमआरटीत खाणं-पिणं मना आहे, पाण्याचा घोटसुद्धा. दंड ५०० डॉलरपर्यंत. मुलीच्या हातातली बाटली फाटकापाशीच बॅगेत टाका. भाडं बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाने भरता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. आणि आपल्या बँका परदेशी वापर आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन वेगळे बटण बंद ठेवतात. निघण्याआधी ॲपमध्ये दोन्ही चालू करा. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांना स्टेशनवर ईझी-लिंक हे प्रवासाचं कार्ड घेऊन द्या. तिथले प्लग तीन चौकोनी पिनांचे असतात, आपला चार्जर बसत नाही. दोन ॲडॅप्टर पुरेत.

आणि आगमन कार्ड. ते पोहोचण्याच्या तीन दिवस आत, उतरण्याचा दिवस धरून, ऑनलाइन भरायचं, पाचही जणांचं. सरकारी संकेतस्थळावर ते पूर्ण फुकट आहे. शोधल्यावर वर येणाऱ्या काही साइट पैसे मागतात. पैसे मागितले की ती साइट बंद करा. रविवारी उतरणार म्हणजे शुक्रवारच्या सकाळी पाच पासपोर्ट समोर ठेवून बसा. नाव, आडनाव पासपोर्टमध्ये जसं आहे तसंच टाइप करा आणि आलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.